काळी पुन्हा उठली नाही

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर ह्यांना घरात करमेना. आयुष्यभर यंत्रांच्या आवाजात राहिलेला माणूस अवधपुरी कॉलनीतल्या घरात भिंतीकडे बघत बसायचा. मग मागच्या रिकाम्या प्लॉटवर पत्र्याची शेड उभी राहिली आणि जवळच्या सीहोर गावाकडून एक संकरित गाय आली. काळीभोर, म्हणून आम्ही तिला काळीच म्हणायचो. कॉलनीत थोडी कुरकुर झाली, पण घरचं दूध सगळ्यांनाच हवं होतं.

ती पुन्हा गाभण राहिली तेव्हा ह्यांनी तिचे फार लाड केले. "बाळंतपण जवळ आलंय, हाडं मजबूत हवीत," म्हणत रोज कॅल्शियमचं औषध पाजायचे. मलाही त्यात वावगं वाटलं नाही.

एका सकाळी कालवड झाली. चीक भरपूर निघाला. हे स्वतः घरोघरी वाटून आले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाणी घेऊन गेले, तर काळी मान वळवून कुशीला टेकवून बसलेली. कान हाताला गार लागले. हाक मारली तरी तिने बघितलं नाही.

आमच्या भागातल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई मूळच्या नागपूरच्या. आल्या आल्या त्यांनी काळीचे कान चाचपले.

"मिल्क फीवर. नुसतं नाव हो, ताप नसतो ह्यात. सगळं कॅल्शियम दुधात उतरतं आणि रक्तातलं कमी पडतं."

त्यांनी शिरेत सुई घातली आणि छातीचे ठोके ऐकत ऐकत कॅल्शियमची बाटली अगदी सावकाश सोडली. काळीचं अंग थरथरलं, तिने ढेकर दिला, शेण टाकलं आणि धडपडत उभी राहिली. हे लहान मुलासारखे हसले. किती वर्षांनी त्यांना तसं हसताना पाहत होते मी!

सकाळी ती परत बसलेली होती. पुन्हा बाटली झाली, फॉस्फरसचं इंजेक्शन झालं. काळी टक्क जागी होती, हातातला चारा खात होती, पण मागचे पाय उचलेनात.

"अंगाच्या भाराखाली पायांचे स्नायू दबलेत," बाई म्हणाल्या.

"पण मी तर तिला रोज कॅल्शियम देत होतो," हे म्हणाले.

"व्यायच्या आधी?"

"हो. रोज."

"गाभणपणाच्या शेवटी जास्त द्यायचं नसतं, काका. बाहेरून आयतं मिळत गेलं की हाडांतून काढायची शरीराची सवय सुटते. मग ऐन वेळी हाडांत असूनही रक्तात उतरत नाही."

"म्हणजे मीच…"

"तसं नाही. जास्त दुधाच्या गाईंना एरवीसुद्धा होतं हे."

त्यांचं हे शेवटचं वाक्य ह्यांच्या कानांत शिरलंच नाही.

आम्ही वाळू अंथरली. तिची कूस पालटायला कुरकुर करणारे शेजारीसुद्धा आले. मग ह्यांनी शेडच्या तुळईला चेनपुली बांधली. कारखान्यात जन्मभर अवजड वस्तू उचललेले हात ते. पोटाखाली पट्टे घालून काळीला वर घेतलं. ती नुसती लटकली. पाय जमिनीला टेकले, पण भार घेईनात. तिने असा काही हंबरडा फोडला की हे ओरडले, "उतरवा! उतरवा तिला!"

त्यानंतर तिने चारा सोडला. गेली तेव्हा हे तिच्या मानेवर हात ठेवून बसले होते. मी "अहो, चला आता" म्हटलं, तर म्हणाले, "अजून गरम आहे गं." मेलेलं जनावर नेणारी गाडी येईपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

कालवड आम्ही एका ओळखीच्या गवळ्याला दिली. तो न्यायला आला तेव्हा हे आतल्या खोलीत होते, बाहेर आले नाहीत. दुसरी गाय आणू या का, म्हणून मी एकदा विचारून पाहिलं.

"मी जीव लावला आणि तोच तिला बाधला," एवढंच म्हणाले.

हल्ली ते दिवसभर पुढच्या खोलीत बसतात. जेवायला बोलावलं की येतात, पानात वाढलेलं खातात आणि परत जाऊन बसतात.