कुंकू लागलेले डॉलर

माझ्या आईकडे शंभर-शंभर डॉलरच्या अकरा नोटा होत्या आणि अकराही नोटांना हळदकुंकू लागलेलं होतं. हे ऐकून कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसा. आमच्या कोळीवाड्यात कुणी हसलं नसतं. लक्ष्मीपूजनाला घरातला पैसा पाटावर मांडायचा, त्याला हळदकुंकू वाहायचं, दिवा ओवाळायचा. तो पैसा आपला की अमेरिकेचा, हे लक्ष्मीला कुठे विचारत बसायचं!

बाबा मालवाहू जहाजावर खलाशी होते. नऊ-नऊ, दहा-दहा महिने बाहेर. पगार बँकेत यायचा आणि आला तसा घरात जिरायचा. पण प्रत्येक खेपेला घरी परतले की ते शंभर डॉलरची एक नोट आईच्या हातावर ठेवायचे आणि म्हणायचे, "ही तुझी. हिचं काय केलंस ते मी कधी विचारणार न्हाय." आईने काहीच केलं नाही. नोट पत्र्याच्या डब्यात घातली. अकरा खेपा, अकरा नोटा. वादळात घरावरचे पत्रे उडाले तेव्हा शेजारणीकडून उसने आणले, माझ्या कॉलेजच्या फीला हातातल्या पाटल्या मोडल्या, पण डब्याला हात लावला नाही.

सहा वर्षांपूर्वी बाबा गेले. तेव्हापासून दिवाळीला त्या नोटांना कुंकू मी लावत आले. आई चौकटीपाशी बसून नुसती बघायची. "आये, तूच लाव ना," मी म्हणायचे. "राहू दे गो," ती म्हणायची. मग माझं डोकं फिरायचं आणि त्या भरात मी जरा जास्तच कुंकू लावायचे. हे मुद्दाम आधी सांगून ठेवते, कारण पुढे मी जे बोलले त्याची मला अजून लाज वाटते.

माझी धाकटी बहीण मस्कतला असते. लग्नानंतर चार वर्षांनी तिला दिवस गेले आणि सातव्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं, विमानात बसायचं नाही. म्हणजे बाळंतपण तिकडेच. जावई गुणाचे. त्यांनी लगेच फोन केला, "आई, तुम्ही या, तिकीट पाठवतो." आई त्यांना गोड बोलली, फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली.

"पहिलं बाळंतपण आयशीचं असतं. जावयाच्या पैशाने गेले तर मी पाहुणी होईन गो, आई न्हाय."

तिकिटापुरते पैसे तिच्याकडे होते. चाळीस वर्षं अलिबागच्या बाजारात म्हावरं विकलंय तिने, मासळीची पाटी डोक्यावर घेऊन. पण तिकडचा खर्च? बाळाचं, बाळंतिणीचं, आणि इस्पितळाच्या बिलात विम्यातून जे भागणार नव्हतं ते? तिकडचा एक रियाल म्हणजे आपले दोनशेच्या वर रुपये. त्या संध्याकाळी आईने डबा काढून माझ्यापुढे ठेवला. "मोड," म्हणाली. एवढंच.

मी अलिबागला सरकारी कचेरीत कारकून आहे. मला सगळं कळतं, असा माझा एक समज आहे. मी फोनवर डॉलरचा भाव बघितला, अकराशेने गुणलं आणि आईला आकडा सांगितला. तो तिने मनात धरला. त्यात ती काय काय बसवत होती कोण जाणे, पण दोन दिवस बोटांवर मोजत होती.

बँकेत सांगितलं, या शाखेत परदेशी नोटा घेत नाहीत. मग बाजारातल्या एका प्रवासी तिकिटं काढणाऱ्याकडे गेलो. तो नोटा बदलून देतो असं ऐकलं होतं. त्याने एक नोट दोन बोटांत धरली, जणू मेलेली पाल.

"मॅडम, डाग आहेत. अशा नोटा कोण घेणार? अर्ध्या भावात बघतो, तेही तुम्ही ओळखीतल्या म्हणून."

ओळख कसली डोंबलाची! तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला नाही नाही ते बोलले, नोटा हिसकावून घेतल्या आणि तरातरा बाहेर पडले. आई मागून आली. रस्त्यात तिने विचारलं, "माझी चूक झाली काय गो?"

आणि मी काय म्हणावं? "मग! तुला कुणी सांगितलं होतं कुंकू फासायला?"

सहा वर्षं कुंकू लावत होते मी. तिने पदर खोचला आणि चालायला लागली.

घरी येऊन मी आणखी एक शहाणपणा केला. म्हटलं, डागच आहेत ना, काढून टाकू. एक नोट घेतली, ओल्या कापसावर साबण घेतला आणि हळुवार पुसायला गेले. हळदीला साबण लागला की ती लालभडक होते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरीलाही ठाऊक असतं. हळदीच्या साड्या धुऊन माझी हयात गेली. पण त्या वेळी कुठे गेली होती माझी अक्कल! बघता बघता नोटेवरच्या साहेबाचा अर्धा चेहरा लाल झाला. आई आली, बघितलं, आणि आपली मला म्हणाली, "आता बाकीच्या धुऊ नको."

नंतर ती म्हणाली, "मुंबईला जाऊ. एकाच दुकानात विचारून कोण मासळी विकतो काय?"

थंडीचे दिवस होते, बोटी चालू होत्या. सकाळच्या बसने मांडव्याला आणि तिथून बोटीने गेटवेला. आईने पिशवीत सोड्यांचं पाकीट घेतलं होतं. सुकवलेली सोललेली कोळंबी. कशाला, तर लागली तर असू दे. मी भांडत बसले नाही. माझी भांडायची ताकद संपली होती.

फोर्टातल्या पहिल्या दुकानात काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, कमिशन शून्य. मला बरं वाटलं. मी पुढे होऊन नोटा काढणार, तेवढ्यात आईने माझा हात दाबला आणि आतल्या टायवाल्याला विचारलं, "दादा, मला डॉलर पाहिजे असला तर कितीला देशील?"

त्याने सांगितलं.

"आणि माझा घेतलास तर?"

त्याने तेही सांगितलं. दोन आकड्यांत चांगलं अंतर होतं. आई मला बाहेर घेऊन आली. "तो कमिशन घेत न्हाय म्हणे. मग हे मधले पैशे काय त्याच्या सासऱ्याचे?"

मी फोन पुढे केला. "पण आये, यात तर वेगळाच भाव दाखवतात."

"तो धक्क्यावरच्या लिलावाचा भाव गो. बाजारात बसून तो भाव कुणाला मिळतो? मला मिळतो काय?"

मी पदवीधर. दोन दिवस फोन घेऊन बसले होते, आणि ते मला कळलं नव्हतं. तिला दोन प्रश्नांत कळलं. त्या फुटपाथवर मला तिचा एवढा अभिमान वाटला की काय सांगू. पण बोलले नाही. आमच्यात तसं बोलत नाहीत.

दुसऱ्या दुकानात नोटा बघूनच मान हलवली. तिसरं दुकान एका गल्लीत होतं, चिंचोळं, आत एक म्हातारे गुजराती काका. आईने त्यांनाही तेच दोन प्रश्न विचारले. काकांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

"काय धंदा करता, बेन?"

"मासळीचा."

"वाटलंच मला." ते हसले. अंतर इथे कमी होतं. मी नोटा काढल्या आणि ते काही बोलायच्या आत मीच सुरू झाले, "हे बघा, डाग आहेत हे आम्हाला माहीत आहे, पण त्यासाठी अर्धा भाव वगैरे आम्ही ऐकून घेणार नाही, आधीच सांगते."

"मी काय बोललो?" काका म्हणाले. त्यांनी एक नोट दिव्याखाली धरली. कडेला बोट लावून वास घेतला. मग हळू आवाजात म्हणाले, "पूजेच्या आहेत."

आईने मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते, आणि माझेही.

"आमच्याकडेपण करतात. हिशेबाच्या चोपड्यांबरोबर." त्यांनी खणातून मऊ केसांचा ब्रश काढला. "बेन, झटकू का? तुमची परवानगी असेल तर."

आई हो म्हणाली. काकांनी खाली कोरा कागद पसरला आणि एकेक नोट झटकली. पाण्याचा थेंब नाही, साबण नाही. कोरडं कुंकू भुरभुरत खाली पडलं. कोपऱ्यात पुसट पिवळं राहिलं तेवढंच. माझ्या लाल नोटेपुढे मात्र त्यांनी हात टेकले. "ही कुणाची कलाकारी?" मी वर छताकडे बघितलं. "ही घरी ठेवा. हिला ना इकडे धड भाव येणार, ना तिकडे." राहिलेल्या दहा त्यांनी नीट केल्या, कुंकवाच्या कागदाची पुडी बांधली आणि ती आईच्या हातात दिली. फेकली नाही. मग पासपोर्ट मागता मागता सहज विचारलं, "जायचं कुठे?"

"मस्कत."

काकांनी पेन खाली ठेवलं. "मग विकताय कशाला?"

"म्हंजे?" आईने विचारलं.

"डॉलर मला विकणार, रुपये घेणार. मग रुपये देऊन रियाल घेणार. दोनदा दुकान, दोनदा माझा नफा. डॉलर तसेच न्या. एवढे जवळ ठेवायला, न्यायला हरकत नसते. तिकडे थेट रियाल घ्या. यातल्या तीन नोटा जुन्या छापाच्या आहेत, एखादा नाही म्हणेल. घाबरायचं नाही, पुढच्या दुकानात जायचं. पण विमानतळावर बदलू नका. तिथे सगळ्यांत वाईट भाव."

मी कागदावर लिहून घेत होते. आई मात्र त्यांच्याकडेच बघत होती. "पण मग तुम्हाला काय मिळालं?" तिने विचारलं.

"चहा प्या," काका म्हणाले.

चाळीस वर्षं बाजारात बसलेली बाई, फुकट काही घ्यायचं तिला माहीतच नाही. तिने पिशवीतून सोड्यांचं पाकीट काढलं आणि थेट त्यांच्या टेबलावर ठेवलं. दुकानभर वास सुटला. काका खुर्चीसकट मागे सरकले. "अरे बेन, आमच्यात नाही चालत!" आईने जीभ चावली, पाकीट झटकन उचललं आणि तोंडावर पदर घेऊन इतकी हसली, इतकी हसली, की काकाही हसायला लागले. बाबा गेल्यापासून ती अशी हसलेली मी बघितली नव्हती. त्या माणसाचे उपकार मी कोणत्या भावाने फेडू? देव त्यांना सुखात ठेवो. त्यांनी आमच्याकडून एक पैसा घेतला नाही, आणि वर चहा पाजला.

परतीच्या बोटीत मी म्हटलं, "आये, त्या दिवशी मी वाईट बोलले. कुंकू तर मीच लावत होते."

"माहीत हाय मला."

"मग तेव्हाच का नाही सुनावलंस?"

"तुझा राग उतरायचा होता," ती म्हणाली आणि वारा लागतोय म्हणून डोक्यावर पदर घेतला.

पुढच्या महिन्यात ती गेली. जन्मात पहिल्यांदा विमानात, एकटी. पुढचं सगळं बहिणीने फोनवर सांगितलेलं. पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी आईने जावयांना नोटा बदलायला बाहेर काढलं. ते पहिल्याच दुकानात बदलून मोकळे होणार होते. आईने त्यांना चार दुकानं फिरवली. एकाने जुन्या छापाच्या नोटा परत केल्या, दुसऱ्याने भाव पाडला, चौथ्याने दहाच्या दहा घेतल्या, आणि भावही चांगला दिला. जावई घरी येऊन सोफ्यावर आडवे झाले. "तुझ्या आईला बाजारात न्यायचं म्हणजे अंगात दम पाहिजे," म्हणाले. आईने त्या रियालांतून बाळाला दुपटी घेतली, लेकीला खायला-प्यायला आणलं, आणि उरलेले कमरेला बांधून ठेवले.

मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. घरी सोडायच्या दिवशी विम्यातून उरलेलं बिल भरायची वेळ आली. जावयांनी खिशात हात घातला, तशी आई त्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली. कमरेची पुरचुंडी सोडली आणि रियाल खिडकीत ठेवले. पुरले. थोडे उरलेसुद्धा. आतल्या माणसाने विचारलं, पावती कुणाच्या नावाने करू? जावयांनी आईला समजावून सांगितलं, तुमचं नाव सांगा.

आईने बाबांचं नाव सांगितलं.

चाकाच्या खुर्चीत बाळाला घेऊन बसलेली बहीण म्हणाली, "आये, अगो, पैसे तू देतेयस. तुझं नाव घाल."

"गप," आई म्हणाली. "पैशे त्यांचे हाईत."

बहिणीने त्या पावतीचा फोटो मला पाठवला, तेव्हा मी कचेरीत होते. समोर लोक उभे होते. वर इस्पितळाचं नाव, खाली रक्कम, आणि पैसे भरणाऱ्याच्या रकान्यात बाबांचं पूर्ण नाव, इंग्रजीत, एका अक्षराची चूक असलेलं. मी टेबलावर डोकं ठेवून सगळ्यांसमोर रडले. शिपाई पाणी घेऊन धावला, साहेब उठून आले, काय झालं, काय झालं. त्यांना मी काय सांगणार? सहा वर्षांपूर्वी गेलेल्या माझ्या बापाने मस्कतला लेकीच्या बाळंतपणाचं बिल भरलं होतं, आणि माझ्या हातात त्याची पावती होती.