लिंबाने घासलेले दात

"आ कर."

हॉलमध्ये तीसेक माणसं. रविवारची प्रार्थनेची संगती सुटायची होती. मॅडमनी मला पुढे बोलावलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, आ कर. मी केला. त्यांनी बोटाला टिशू पेपर गुंडाळून माझ्या दातांवरून फिरवला. काळा झालेला कागद वर धरून सगळ्यांना दाखवला.

"बघा. ही म्हणे बाप्तिस्मा घेणार."

मागून कोणीतरी हसलं. माझी लाळ गळत होती, ती पुसायचंही सुचलं नाही.

मी मॅडमच्या घरी स्वयंपाकाला. त्या रिटायर्ड प्राध्यापक, संगती त्यांच्याच हॉलमध्ये भरते. प्रभूचं नाव मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलं, खोटं कशाला बोलू. तंबाखूची मिश्री मात्र नवव्या वर्षापासूनची. दाढ ठणकत होती म्हणून आयशीनेच बोटावर घेऊन लावली. तेव्हापासून सकाळी आधी डबी, मग बाकी सगळं. प्रार्थनासुद्धा डबीनंतर. लाज वाटायची, तरी हात तिकडेच जायचा.

त्या रविवारनंतर सोडली म्हणता? छे! शनिवारी लिंबू-मीठ घेऊन हिरड्यांतून रक्त येईस्तोवर दात घासायचे. रविवारी आ करायचा. "शाब्बास गो!" मॅडम म्हणायच्या आणि मी हरखून जायचे. सोमवारी परत डबी. चार महिने हे नाटक.

एका सोमवारी त्यांच्याच न्हाणीमागे बोट तोंडात घालून उभी होते. खिडकीत मॅडमची सावली हलली. डबी हातातून मोरीत पडली. आणि तिथे, त्या घाण पाण्याकडे बघताना कळलं. देव इतके दिवस बघत होता, तेव्हा मी घाबरले नव्हते. बाई बघतील म्हणून मेले! प्रभूकडे आले तेव्हा घरातला देव्हारा मी माझ्या हाताने काढला होता. त्या रिकाम्या कोनाड्यात मॅडमना बसवलं होतं मी. त्यांच्या शाब्बासकीला. मिश्री त्यापुढे काहीच नव्हे.

खूप रडले. मग रागही आला. मॅडमना डायबेटिस. तांदळाच्या डब्यात आंबावड्या कोण लपवतं ते मला ठाऊक आहे, तो डबा रोज मीच उघडते. त्यांना कोणी आ कर म्हणत नाही.

भाट्याच्या समुद्रात माझा बाप्तिस्मा ठरला. आदल्या रविवारी परत हाक आली.

"ये पुढे. आ कर."

मी ओठ मिटले.

"ऐकू येत नाही?"

"येतं. पण नाही करणार. आज सकाळीसुद्धा उसनी मागून लावली मी, मॅडम. चार महिने लिंबाने दात घासून तुम्हाला फसवलं. देवाला सांगून झालं, आता सगळ्यांना सांगते. पण दात बघायला मी बाजारातला बैल नाही."

मॅडमचा चेहरा लालबुंद.

"मग बाप्तिस्मा विसर. आणि उद्यापासून कामालाही येऊ नकोस."

नाही गेले. आता मिरकरवाड्यात, बंदरावर कोलंबी सोलते. मोरीत पडली त्यानंतर नवी डबी घेतली नाही, पण परवा शेजारणीकडून चिमूटभर मागून लावलीच. लावली तर लावली म्हणते. गुडघे टेकून प्रभूला तेच सांगितलं. आज नाही लावली. उद्याचं उद्या भांडेन.

बाप्तिस्मा मी घेणारच. समुद्र काही मॅडमच्या हॉलमध्ये नाही. त्या दिवशी दात काळे असले, तर काळेच घेऊन पाण्यात उतरेन.