मचाणावरची झोप

सिस्टरला झोपलेलं कुणी पाहिलं नव्हतं. ती झोपत नसे असं नाही, पण झोपल्यावर कशी दिसते हे कुणाला ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर तिच्या नवऱ्यालाही नव्हतं.

नवरा मिशनच्या चर्चचा पाळक, ती मिशनचीच नर्स. आडगावातल्या मिशनच्या दवाखान्याला लागूनच त्यांची दोन खोल्यांची जागा. रात्री कडी वाजली की दार उघडायचं काम त्याचं. कंदील वर धरून तो आत वळायचा आणि म्हणायचा, "अगं, आलेत." शब्द पुरा व्हायच्या आत ती उठून बसलेली असायची, केस बांधलेले, पाय चपलांत. मग कुणी अडलेली बाळंतीण असो की तापाने फणफणलेलं पोर, ती पुढे आणि कंदील घेऊन तो मागे. त्यांची दोन पोरं, थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा, एकमेकांना सांगायची, आपली आई माशासारखी आहे, तिला झोपायला डोळे मिटावे लागत नाहीत.

त्या वर्षी मात्र तिचे हात कापायला लागले. एकदा टाके घालताना सुई अशी थरथरली की समोर उभ्या असलेल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी मुकाट्याने ती काढून घेतली आणि टाका स्वतः पुरा केला. मग हात धुताधुता त्या म्हणाल्या, "बाई गं, मेळाव्याला जा. नवरा, पोरं, सगळ्यांना घेऊन जा. झोपून आलीस तर बाळंतपणाची खोली तुझी. अशीच परत आलीस तर तुला टेबलाशी बसवीन, केसपेपर लिहायला."

"मला लिहायला बसवणार!" घरी येऊन ती म्हणाली. "त्यापेक्षा खड्डा खणा म्हणावं."

पण गेली. मेळावा जंगलाच्या काठाला होता. लांबलांबच्या ठाण्यांवर काम करणारी मिशनची कुटुंबं वर्षातून एकदा तिथे जमायची. एकत्र जेवायचं, गायचं, प्रार्थना करायची, जनावरं बघायची आणि उरलेल्या वेळात नुसतं लोळायचं. पिशव्या भरताना ती एकच म्हणाली, "मला एकदा हत्ती डोळे भरून बघायचाय. शाळेच्या तक्त्यावर होता आमच्या, पण सोंडेकडची बाजू कुणीतरी फाडून नेलेली. मी आपली शेपटीच बघत मोठी झाले."

लोळणं कुठलं आलंय! पहिल्याच सकाळी पत्र्याच्या खोल्यांपुढे तिच्याभोवती गर्दी. "सिस्टर, जरा माझा गुडघा बघता का?" "सिस्टर, आमच्या ह्यांना रात्री ठसका लागतो." एक पाळकीणबाई तर वर्षभराचं पित्त साठवून आणल्यासारख्या तिच्या खाटेवर ठाण मांडून बसल्या. दुपारी ती आडवी झाली की शेजारच्या खोलीतलं पोर खाकरायचं आणि ही उठून बसायची. पाळक बघत होता. तिच्या हातातला चहा बशीत सांडायचा आणि ती तो पदराने पुसायची, कुणी बघायच्या आत. परतायचा दिवस जवळ येत चालला, तसे त्याला डॉक्टरीणबाईंचे शब्द आठवायला लागले.

शेवटच्या दुपारी वनरक्षकाने त्यांच्या कुटुंबाला पाणवठ्यावरच्या मचाणावर नेलं. शिडी चढून वर लाकडी बाक, डोक्यावर गवताचं छप्पर. वनरक्षक उंच, काटकुळा माणूस. त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि चौघांकडे असं पाहिलं की धाकट्याने शिंकसुद्धा गिळली.

इथे बोलायची बंदी होती. म्हणजेच गुडघ्याचं, पित्ताचं, ठसक्याचं कुणी काही सांगू शकत नव्हतं. ऊन पाण्यावर स्थिर पडलं होतं. वारा यायचा आणि जायचा. पाळक पैलतीरावरच्या झाडीकडे नजर लावून बसला होता. खांद्याला काहीतरी जड लागलं म्हणून त्याने वळून पाहिलं.

सिस्टर झोपली होती.

तेवढ्यात मागून शिडी करकरली आणि जेवणघरातल्या आचाऱ्याचं डोकं वर आलं. "सिस्टरला पाठवा," तो कुजबुजला. "वाढणाऱ्या मावशींचा पाय मुरगळलाय."

पाळकाच्या जिभेवर ‘अगं, आलेत’ हे दोन शब्द आलेच होते. इतक्या वर्षांची सवय ती. त्याने ते आवंढ्यासारखे गिळले.

"खाली डॉक्टर आहेत ना एक?"

"ते दातांचे आहेत."

"मग त्यांना म्हणावं, आज जरा खाली बघा."

आचारी तोंड दाबून हसला आणि उतरून गेला.

आणि मग हत्ती आले. एवढं मोठं काही येताना कडाड असा आवाज व्हावा, फांद्या मोडाव्यात, तसलं काही नाही. झाडीची सावली जराशी हलली आणि त्या सावलीतूनच एक म्हातारी हत्तीण बाहेर आली, अंगावर माती वाळलेली, कान फाटलेले. तिच्यामागे आणखी, त्यांच्यामागे आणखी. पायांच्या खांबांमधून एक पिल्लू धडपडत पाण्यात शिरलं आणि बुडबुडलं. थोरलीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. धाकट्याने आईच्या पदराला हात घातला. तिच्या जन्माची हौस समोर उभी होती, आणि ती झोपलेली!

पाळकाने त्याचा हात हळूच बाजूला केला. मान हलवली. नाही.

म्हाताऱ्या हत्तिणीने सोंड उचलली आणि सरळ मचाणाकडे रोखली. वनरक्षकाची बोटं कठड्यावर आवळली. सगळ्यांनी श्वास धरला. एकटी सिस्टर तेवढी सावकाश, खोल श्वास घेत होती. हत्तीण उभी राहिली, जणू तेवढंच ऐकते आहे. मग सोंड खाली आली, आणि ती पाणी प्यायला वळली.

पाळकाने एकदा हत्तींकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. तिचं तोंड किंचित उघडं होतं. कपाळावरची रेघ, जी त्याला जन्माची वाटायची, ती कुठे गेली होती कोण जाणे. तळहात मांडीवर उलटा पडला होता, पाण्यावरच्या उन्हासारखा निवांत. विसाव्यावर त्याने किती वेळा उपदेश केला होता. विसावा दिसतो कसा, ते त्याने आज पहिल्यांदा पाहिलं. मोठं काय, ते की हे, त्याला सांगता आलं नसतं. त्याचे डोळे भरून आले आणि हत्ती धूसर झाले.

ते आले तसेच गेले. काठावरच्या खोल पावलांत पाणी भरत राहिलं.

ऊन कलल्यावर ती दचकून उठली. "कोण आलं?"

"हत्ती," धाकटा म्हणाला. "येऊन गेले."

"आणि मला उठवलं नाहीत?"

"मीच नको म्हटलं," पाळक म्हणाला, आणि बोलणी खायच्या तयारीने बसला.

"माझ्या जन्माचा हत्ती, अहो!"

"हो."

तिने आधी त्याच्याकडे पाहिलं. मग पाण्याकडे. "बरं, सांगा तर मग. काही गाळू नका."

थोरलीने सुरुवात केली, धाकटा मधे मधे घुसला, पिल्लू कसं बुडबुडलं ते त्याने गाल फुगवून दाखवलं. ती हसली, हुंकार देत राहिली. हुंकार लांबत गेले. सोंड मचाणाकडे वळली, इथवर गोष्ट आली, आणि तिची मान थोरलीच्या खांद्यावर टेकली.

पोरं थक्क होऊन बापाकडे बघायला लागली. पाळकाला आता डॉक्टरीणबाईंची धास्ती उरली नव्हती.

खालून प्रार्थनेची घंटा झाली. "बाबा," थोरली कुजबुजली, "आज शेवटचा संदेश तुमचा आहे ना?"

"आज नुसतं गातील ते," पाळक म्हणाला.

मचाण रिकामं करायची वेळ झाली होती. वनरक्षक उठला, पट्टा सारखा केला, शिडीकडे गेला. मग त्याने सिस्टरकडे पाहिलं, आणि शिडीच्या वरच्या पायरीवर पाठमोरा बसून घेतलं.

"बसा," तो म्हणाला. "अजून उजेड आहे."