पाठीवरची नावं, भिंतीकडची तोंडं

आमच्या हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये कपबशा विसळून होत नाहीत, तोवर नवा किस्सा तयार असतो. बाहेरच्यांना वाटतं, कोविड संपला, किस्सेही संपले. छे! खरा माल तर नंतर साठत गेलाय!

मी इथला फिजिओथेरपिस्ट, अंबरपेठचा. कोविड वॉर्डातली आमची चौकडी अजून दुपारच्या चहाला एकाच टेबलावर बसते. डॉक्टर श्रीनिवास, वॉर्डबॉय यादगिरी, विजया सिस्टर आणि मी. टवाळी करत सांगतोय खरं, पण या तिघांना बघून मी आजही थक्क होतो.

* * *

पीपीई किटमध्ये कोण आहे ते कळायचं नाही, म्हणून आम्ही एकमेकांच्या पाठीवर मार्करने नावं लिहायचो. कित्येकजण तेव्हाच नव्याने लागलेले. धड तोंड कुणी कुणाचं पाहिलंच नव्हतं!

पुढे यादगिरीच्या मुलीचं लग्न निघालं. इकडेतिकडे पांगलेली सगळी टीम फंक्शन हॉलवर नटूनथटून हजर. यादगिरी दारात उभा, आणि सगळ्यांना कोऱ्या चेहऱ्याने हात जोडतोय! शेवटी त्यानेच तोडगा काढला.

"साब, जरा पलट के ठैरो, पैचान लेतूं!"

सगळे पाठमोरे उभे राहिले. पठ्ठ्याने एकेकाचं नाव घेतलं, एकही चुकलं नाही! वरपक्ष आ वासून बघत होता.

* * *

डॉक्टर श्रीनिवासांच्या खिशात अजून ऑक्सिमीटर असतो. घरी कुणीही येवो, पाण्याच्या आधी बोटाला चिमटा! हसतबोलत बसलेली माणसं त्यांनी डोळ्यांदेखत घसरताना पाहिलीत, त्यामुळे तोंडच्या "मी ठीक आहे"वर त्यांचा काडीचा विश्वास नाही.

मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हाही तेच. मुलाची आई नोकरी, फ्लॅट, गाडी सांगतेय, आणि हे मुलाचं बोट धरून बसलेत. मग म्हणाले, "नाइन्टी एट! मेरी तरफ से हौ!"

लग्न झालं. जावई आता आल्या आल्या स्वतःहून बोट पुढे करतो.

* * *

वॉर्डात ऑक्सिजनचे सिलिंडर बेडपाशी पोचवायचा तो यादगिरीच. एकदा तो बेगम बाजारात डाळ घ्यायला गेला होता. मागे टेम्पोतून गॅसचे सिलिंडर उतरत होते. लोखंडाचा तो आवाज कानावर पडला मात्र, याने पिशवी टाकली, धावला, हमालाच्या हातातला सिलिंडर ओढून घेतला आणि बुडाच्या कडेवर गरगर फिरवत सुटला!

"कौन से बेड कू?"

दुकानदार म्हातारा होता. तो हसला नाही की ओरडला नाही. त्याने यादगिरीला पोत्यावर बसवलं, पाणी दिलं. डाळ दुकानदाराने घरी पोचती केली.

* * *

आता विजया सिस्टर. मूळच्या जामबागच्या, बोलायला फटकळ. वॉर्डात फोन धरायचं काम त्यांचं. घरचे व्हिडिओ कॉल करायचे, सिस्टर हात लांब करून पेशंटच्या डोळ्यांसमोर फोन धरायच्या आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. "कान तर बंद करता येत नाहीत," म्हणायच्या, "निदान बघू तरी नये."

पुष्कळांचं ते शेवटचंच बोलणं होतं.

तेव्हापासून सिस्टर व्हिडिओ कॉल घेत नाहीत. लेक पल्लवी पुण्याला. तिचाही नाही! "नक्को बाई, स्क्रीनवर आपलं माणूस दिसलं की वाटतं, झालं, हे शेवटचं. आवाज ऐकला की बास." पल्लवीला दिवस गेले तसं तीही हट्टाला पेटली, "बाळ काय तुला ऐकवू?"

* * *

बाळंतपणाला अवकाश होता, सिस्टरांचं पुण्याचं तिकीटही काढलेलं. परवा आम्ही चहा घेत होतो आणि त्यांचा फोन वाजला. पल्लवीचा व्हिडिओ कॉल.

सिस्टर वाजत्या फोनकडे बघत राहिल्या. मग उभ्या राहिल्या आणि त्यांनी तो घेतला.

"आई, मुलगी झाली! बघ ना!"

मागे बाळ रडत होतं. सिस्टरांचा हात आपोआप लांब झाला, स्क्रीन पलीकडे वळली आणि तोंड फिरलं भिंतीकडे. फोनसमोर नुसती रिकामी खुर्ची.

"आई? अगं, खुर्ची दिसतेय. तू कुठेयस?"

सिस्टर हलेनात. यादगिरी उठला. त्याने हळूच त्यांच्या हातातला फोन घेतला, वळसा घालून त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

"देखो अक्का," म्हणाला, आणि आपण भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

डॉक्टरांनी तोंड फिरवलं. मीही फिरवलं.

मग पाठीमागून सिस्टरांचा आवाज आला.

"पल्ले, किती वाळलीस गं!"