हेच म्हणजे कोणतं?

लग्नानंतर मी पुण्याला निघाले त्या सकाळी अण्णा, माझे वडील, करमाळ्याच्या स्टँडवर एसटीच्या खिडकीशी उभे होते. सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर म्हणून झालेली. निरोपसुद्धा त्यांनी वर्गात शिकवावं तसाच दिला. "तिकडं इंग्रजी लागंल. भ्यायचं नाय. लिव्हलंय तसं वाचायचं, आन् मोठ्यानं वाचायचं." गाडी हलली तरी ते सांगतच होते.

माझ्याबरोबर शिकलेल्या तुमच्यापैकी जे गावीच राहिले, त्यांना यात हसण्यासारखं काही वाटणार नाही. आपण सगळे तसंच वाचायला शिकलो. जे माझ्यासारखे इकडे आले, त्यांना मात्र पुढचं सांगायला नको.

वारज्याला आमच्या दोन खोल्या होत्या. नवऱ्याच्या ओळखीनं कॅम्पातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मला काम मिळालं. केसपेपर करायचा आणि नंबर आला की पेशंटला हाक मारायची. पहिल्याच आठवड्यात, आधीच कोणीतरी भरून ठेवलेल्या एका कागदावर नावाआधी इंग्रजीत एक लांबडा शब्द होता. मी मोठ्यानं वाचला, "कोलोनेल साहेब!" कोणी उठेना. पुन्हा हाक मारली. मग एक ताठ बांध्याचे म्हातारे गृहस्थ हसू दाबत उठले, आणि सगळा हॉल हसला.

दवाखान्याचा कारभार डॉक्टरांच्या मिसेस बघायच्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "कर्नल म्हणतात त्यांना. निदान सैन्यात तरी. तुमच्याकडचं मला माहीत नाही."

कर्नल हा शब्द मला लहानपणापासून ठाऊक होता. गावातली कितीतरी मुलं फौजेत होती. पण तो कागदावर असा दिसतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मी हाक मारणंच सोडलं. केसपेपर करताना चेहरा लक्षात ठेवायचा, नंबर आला की जवळ जाऊन हळू म्हणायचं, "आपण आत चला." लोकांना वाटायचं, केवढी अदब! मिसेसनी एकदा सर्वांसमोर माझं कौतुक केलं, तेव्हा मान वर करवेना. बसमध्ये दुकानांच्या पाट्या ओठांतल्या ओठांत वाचायची आणि शेजारच्या कॉलेजच्या पोरी तोच शब्द कसा म्हणतात ते ऐकून घ्यायची. त्यांच्यातही एक 'शेड्यूल' म्हणायची, दुसरी 'स्केड्यूल'. त्यांना कोणी हसत नव्हतं.

काही वर्षांनी अण्णांना मोतीबिंदू झाला. उजव्या डोळ्याचा. मी त्यांना आमच्याच दवाखान्यात आणलं. इस्त्रीचा नेहरूशर्ट घालून ते अक्षरांच्या तक्त्यासमोर ताठ बसले. तपासणारी केतकी नवीनच लागली होती. तिनं विचारलं, "आजोबा, मराठी अक्षरं लावू ना?"

"इंग्रजी लावा," अण्णा म्हणाले. "मास्तर हाय मी."

मध्ये फक्त पडदा, आणि पलीकडे हॉल भरलेला; माझी खुर्चीही तिथंच, पडद्याच्या फटीसमोर. आधी डावा, चांगला डोळा तपासायचा होता. अण्णा खणखणीत आवाजात सुरू झाले. "यफ. यल. हेच."

"हेच म्हणजे कोणतं?"

"हेच की."

"अहो आजोबा, तेच विचारतेय. कोणतं अक्षर?"

"हेच!" अण्णांनी बोट दाखवलं.

हॉलमध्ये कोणीतरी फिसकन हसलं, मग बाकीचेही. केतकी वाईट मुलगी नव्हती, पण तिलाही हसू आवरेना. काय चुकलं ते अण्णांना कळेना. त्यांनी डोळा चोळला, पुन्हा बघितलं. केतकीनं खालची ओळ दाखवली तेव्हा ते थांबले आणि हळूच म्हणाले, "दिसत नाही."

"आणि ही?"

"नाही."

केतकी तसं लिहू लागली. त्यांना दिसत होतं, मला पक्कं माहीत होतं. सकाळीच बसच्या खिडकीतून त्यांनी याहून बारीक पाट्या मला वाचून दाखवल्या होत्या. तरी मी खुर्चीतून उठले नाही. उठले असते तर हे माझे वडील आहेत हे हॉलला कळलं असतं.

तिसऱ्या ओळीलाही ते "नाही" म्हणाले, तेव्हा मात्र मी उठले. पडदा सारून म्हणाले, "त्यांना दिसतंय. ते एच म्हणतायत. वडील आहेत माझे." आवाज नको इतका मोठा झाला. हसणं थांबलं. मी तक्ता बदलून मराठी अक्षरं लावली. अण्णांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, एकही अक्षर न चुकता. पण आवाज पडलेला होता, आणि माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

परत येताना बसमध्ये म्हणाले, "मला दिसत होतं गं."

"माहीत आहे, अण्णा."

मग त्यांनी विचारलं, "एच म्हणायचं व्हय?" मी मान डोलावली. "लय पोरांना शिकिवलं मी," म्हणाले आणि बाहेर बघत राहिले.

ऑपरेशन चांगलं झालं. अण्णा आता पेपर चष्म्याशिवाय वाचतात. पण माझ्यासमोर इंग्रजी शब्द तोंडातून काढत नाहीत. "म्हणा की, अण्णा," मी कितीदा सांगितलं. "आपली मराठी बरी," म्हणतात, आणि गटविकास अधिकारी, फौजदार, बाहेरगावचा फोन असं जपून, अडखळत बोलतात.

मागच्या खेपेला मी न कळवता गावी गेले. दारातूनच अण्णांचा आवाज ऐकू आला. शेजाऱ्याला सांगत होते, "बीडीवोनं पीयसायला यश्टीडी लावला, म्हणला, अर्जंट या!" जुना, खणखणीत, वर्गातला आवाज. माझं घर म्हणजे आता तेवढा आवाज आहे, आणि मी दिसले की तो बंद होतो. म्हणून बाहेरच उभी राहिले, चपलांचे पट्टे सोडायला उगाच वेळ लावत.