काकूची उन्हाळी

दुखण्याचे किस्से साठतात ते दुखणं लपवल्यामुळे. उघड बोललं तर एका वाक्यात संपतं, लपवलं की घरभर पसरतं. आमच्या पिंपरी पेंढारच्या घरात माझ्या काकूची उन्हाळी अशीच पसरली. उन्हाळी म्हणजे लघवीची जळजळ. काकू सकाळी कांद्याच्या वावरात जायची ती दिवे लागताना यायची, आणि दिवसभर पाण्याचा घोट घ्यायची नाही. घेतला तर जायचं कुठं? घोट्याएवढा कांदा, कडेला रस्ता, त्यावरून बेल्ह्याच्या बाजाराचे टेंपो. मी नारायणगावला कॉलेजात होते आणि घरातल्या सगळ्या मोठ्यांवर चिडलेली होते.

*

माझे चुलते आप्पा. त्यांची बहीण, आमची आत्या, काकूसाठी रात्री तांब्यात धने-जिरे भिजत घालायची. सकाळी गाळून त्यात खडीसाखर.

एकदा मला बघायला पावणे आले आणि गडबडीत तोच तांब्या बाहेर गेला. मुलाच्या वडिलांनी दोन पेले रिचवले. ‘मुलीला काही विचारायचंय का?’ म्हणाले. मी विचारलं, ‘तुमच्याकडे संडास आहे का?’ बैठक तिथंच आटोपली.

आठवड्यानं मध्यस्थ आला. ‘मुलगी नको म्हणतात. पण पाण्यात काय घालता तेवढं विचारलंय.’

*

मी मेडिकलमधून बार्ली आणली. ‘उकळून नुसतं पाणी प्यायचं,’ असं बजावून कॉलेजला गेले. संध्याकाळी पाहते तर आत्या चुलीपुढं घामाघूम.

‘तुझं औषध दळून आणलं बाई,’ ती म्हणाली, ‘पर भाकर काय फुगंना.’

*

आत्याचा दुसरा उपाय म्हणजे पायाच्या अंगठ्यांना चुना. ‘चुन्यानं कुठं जळजळ जाते का गं?’ मी भांडायचे. ती दुसऱ्या अंगठ्याला चुना लावायला घ्यायची.

सुट्टीत मी कांद्याच्या लागणीला गेले तेव्हा पाहिलं. वावरात उतरताना काकूचे अंगठे पांढरे दिसले, की शेजारची बाई न बोलता काकूच्या वाफ्यातलं काम हाती घ्यायची आणि काकू बांधावर टेकायची. कुणी काही विचारायचं नाही.

‘चुन्यानं काय बी व्हत न्हाई,’ घरी येताना आत्या म्हणाली. ‘पर सांगावं लागत न्हाई.’

*

मग काकूला ताप भरला. मी म्हटलं, तांब्या बास, आता दवाखाना. काकू मला चुकवून एकटीच गेली. डॉक्टर नवे, नाशिककडचे, कांदेवाल्या घरातले. दारात गडीमाणसांची रांग. काकू हळूच म्हणाली, ‘उन्हाळी लागलीय.’

‘उन्हाळी कांदाच ना?’

‘व्हय, कांद्यातच लागली.’

‘लागण होऊन किती दिवस?’

‘चार दिस.’

‘मग आता पाणी तोडू नका.’

काकू लाजून उठलीच. घरी येऊन म्हणाली, ‘डॉक्टरबी पाणीच सांगतोय.’

*

दुसऱ्या दिवशी मी तिला परत नेलं, आप्पांसकट. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, ‘लघवीला आग होते, ताप आहे, कंबर दुखते.’ आप्पा भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले.

तपासणी झाली, गोळ्या मिळाल्या. ‘बरं वाटलं तरी गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत,’ डॉक्टर म्हणाले. ‘आणि धन्याचं प्या, बार्लीचं प्या, साधं प्या, पण दिवसभर पाणी प्या. सारखं असं होत राहिलं तर किडनीवर जाईल.’

‘उघड्या वावरात कसं पिणार?’ मी आप्पांकडे बघत विचारलं. आप्पा गोळ्यांची पुडी खिशात घालून उठले. येताना एसटीत खिडकीकडे तोंड करून मी त्यांना मनातल्या मनात काय काय बोलले.

*

पुढच्या साली कांद्याचं रोप टाकलं, त्याच आठवड्यात आप्पांनी वावराच्या मधोमध मका टोकला. चांगल्या जमिनीत, चौकोनी, दाट. आत रिकामी जागा आणि पलीकडच्या अंगाला एक फट. लागणीपर्यंत तो डोक्याच्या वर गेला.

बांधावरून शेजारी ओरडला, ‘आप्पा, कांद्यात मका कशाला वो?’

‘वारं लई लागतंय.’

‘मग कडंला लावायचा राव. मधी कशाला?’

‘मधीच लागतंय,’ आप्पा म्हणाले आणि पाण्याची दारं धरायला निघून गेले.

त्या दुपारी काकूनं वाफ्यातून मान वर केली आणि सगळ्या बायकांदेखत आत्याला हाक मारली, ‘वन्सं, पाण्याची कळशी हिकडं आणा.’