मधोमध छापलेली समीकरणं

आज मी संगणकावर मांडलेल्या गणिताच्या पुस्तकाची पानं प्रिंटरमधून निघाली, गरम शाईचा वास आला आणि माझं डोकं पुन्हा तापलं.

माझे वडील, अप्पा, धारवाडात गणित शिकवायचे. त्यांचं एकुलतं एक पुस्तक कमरीपेठेतल्या छापखान्यात तयार झालं होतं. हस्तलिखितात त्यांनी बरोबरची चिन्हं एकाखाली एक मांडली होती, अपूर्णांकांसाठी ओळींमध्ये जागा सोडली होती. मालकाने मात्र प्रत्येक ओळ मधोमध बसवली होती. चिन्हं डावी-उजवीकडे भरकटली होती, अपूर्णांक एकमेकांच्या डोक्यावर चढले होते.

"अक्का, बघा की, लग्नपत्रिकेसारखं कसं देखणं आलंय," अप्पांबरोबर मी गठ्ठे आणायला गेले तेव्हा तो मला म्हणाला.

"हे गणित आहे. परत छापा."

अप्पांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. "असू दे. पोरांना कळतं," म्हणत त्यांनी गठ्ठे उचलले.

आता संगणकावर एक खूण दिली की चिन्हं सरळ रांगेत येतात. मालकाला फक्त समोरचा कागद बघायचा होता. तेवढंही त्याने केलं नाही, याचा राग वयाबरोबर वाढतोच आहे.

पुढच्या परीक्षेत अप्पांच्या वर्गाने सगळी उत्तरं मधोमध लिहिली. "सर, तुमच्या पुस्तकात तसंच आहे की," पोरं म्हणाली. त्यानंतर अप्पांनी ते पुस्तक वर्गात कधीच नेलं नाही.